उतारावर पसरणारा ज्युनिपर पुण्यात जगेल का?

बावधनकर (१९ जुलै)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं रो हाऊस बावधनला, टेकडीच्या पायथ्याशी. बिल्डरने टेकडी कापून घरं बसवली त्यामुळे मागच्या बाजूला एक उतार राहिलाय, साधारण तीस फूट लांब आणि बारा फूट वर चढत जाणारा, सगळा मुरूम. दरवर्षी जूनमध्ये पहिले दोन जोराचे पाऊस झाले की त्यावरून लाल पाणी येतं ते थेट मागच्या ओट्यावर, आणि मग मी खराटा घेऊन उभा. यंदा तर वॉशिंग मशीनच्या खाली बोटभर गाळ बसला. आधी लॉन लावून पाहिलं, एप्रिलमध्ये वाळून पापड झालं. मग माळ्याने फुकट म्हणून वेडेलिया आणून खोचला, तो उतार सोडून शेजारच्यांच्या गुलाबात शिरला आणि आमचे संबंध बिघडले ते अजून पूर्ण सुधारले नाहीत.

आता मुद्दा. गेल्या डिसेंबरात लेकीकडे डेन्व्हरला होतो. तिच्या घरासमोर असाच उतार आहे, आमच्यापेक्षा उभाच, आणि त्यावर निळसर हिरवी गोधडी पसरल्यासारखं एक झाड आहे. वीतभर उंच, जमिनीलगत चारी बाजूंनी पळालेलं. बर्फ वितळला की खालून जसंच्या तसं हिरवं, फक्त टोकं जरा जांभळट झालेली. जावईबापू म्हणाले क्रीपिंग ज्युनिपर, लावल्यापासून दहा वर्षांत कुणी पाणी घातलं नाही की कापलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलंय.

तर प्रश्न: पुण्यात मिळतो का, मिळाला तर जगतो का, किती अंतरावर लावायचा, आणि माती धरून ठेवतो का? आता पाऊस आहे तर लगेच लावून टाकू म्हणतोय. सौ.चं मत "तिकडचं तिकडे राहू दे" असं आहे, पण ते तिचं मिक्सरबद्दलही होतं.

---

कुंडीवाली

वेडेलिया फुकट मिळतो कारण ज्याच्याकडे असतो त्याला तो नको असतो 😄 आमच्या सोसायटीत दोन वर्षं झाली उपटतोय, कांडं राहिलं की परत येतो.

ज्युनिपरचं मला माहीत नाही, वाचायला थांबलेय.

---

मातीत हात

काका आधी एक विनंती, आत्ता लावू नका. जुलैत तर अजिबातच नको. कारण सांगते, स्वतःच्या खिशातून गेलेलं आहे.

आम्ही कोथरूडला असताना सोसायटीच्या गेटजवळच्या पट्ट्यात मी हट्टाने चौदा रोपं लावली होती, हेच, पसरणारं ज्युनिपर. कमिटीला पटवून, मीटिंगमध्ये भांडून वगैरे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावली कारण आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय ना, मृगाचा पाऊस पडला की झाड लावा. माती काळी, त्यात मी शहाणपणाने भरपूर शेणखत आणि कोकोपीट कालवलं. दोन फूट खड्डे. आता त्या काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली म्हणजे काय झालं, तर चौदा हंड्या झाल्या, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसायचं आणि जायला वाट नाही.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) ही झाडं मेलेली कळतच नाहीत. तुळस सुकली तर संध्याकाळी मान टाकते, आपण धावतो. हे ज्युनिपर मुळं कुजून गेली तरी महिना महिना हिरवं दिसतं. मी ऑगस्टभर सगळ्यांना सांगत होते बघा कसं छान धरलंय. गणपतीच्या वेळी मांडव घालायला आलेल्या पोराचा पाय लागून एक रोप सरळ हातातच आलं, खाली मुळं म्हणून काळा गाळ, आणि वास असा की विचारू नका. मग बाकीच्यांच्या फांदीवर नखाने जरा साल खरवडून पाहिली. जिवंत असेल तर आत ओलसर हिरवं दिसतं, माझ्या सगळ्यांचं आत कोरडं तपकिरी. वरून मात्र हिरवीगार! दिवाळीपर्यंत एकेक करून गंजल्यासारखी झाली. चौदापैकी एक वाचलं, जे चुकून फरशीच्या कडेला खडीच्या ढिगात लावलं गेलं होतं. त्याला मी खतही घातलं नव्हतं.

म्हणून सांगते, ह्याला पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा पुण्याच्या पावसाची जास्त भीती आहे.

---

बावधनकर

अरे बापरे. म्हणजे मी उद्या नर्सरीत जाणार होतो ते थांबवतो. पण ताई, तुमचं जे एक वाचलं ते खडीत होतं, आणि माझा तर सगळाच मुरूम आहे, वर उतार आहे, पाणी साठायला जागाच नाही. म्हणजे आशा आहे की नाही?

---

शिंपाकूवाला

आशा आहे. मी बोन्सायवाला, ज्युनिपर हा आमचा रोजचा वरणभात, म्हणून जरा लांबण लावतो.

पुण्यात ज्युनिपर जगतो का, तर जगतो. माझ्या गच्चीवर सिंहगड रोडला एक प्रोकंबन्स नाना (पसरणाऱ्या जपानी ज्युनिपरची बुटकी जात) आहे, अकरा वर्षं झाली, एप्रिलच्या चाळीस डिग्रीत तो उघड्यावर असतो. पण तो कशात आहे बघा: विटांचा चुरा, बारीक खडी, चाळलेला मुरूम, आणि मूठभर कंपोस्ट. पाणी घातलं की खालच्या भोकातून लगेच बाहेर. पावसाळ्यात मी कुंडी एका बाजूने वीट लावून तिरकी करतो, एवढंच. नुसत्या मातीने भरलेल्या कुंडीत ज्यांनी ठेवले त्यांचे गेले.

आता तुम्ही डेन्व्हरला पाहिला तो बहुतेक ज्युनिपेरस हॉरिझोंटॅलिस. मूळचा उत्तर अमेरिकेचा, अलास्का कॅनडापासून खाली अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांपर्यंत. खडकाळ कडे, वाळूचे किनारे, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे हा लोळतो. नर्सऱ्यांत ह्याची सगळ्यात गाजलेली जात ब्लू रग, शास्त्रीय लेबलवर विल्टोनाय. १९१४ मध्ये मेन राज्यातल्या व्हायनलहेवन नावाच्या बेटावर रानात सापडली आणि कनेक्टिकटमधल्या साउथ विल्टन नर्सरीने पुढे आणली, म्हणून विल्टोनाय. चारसहा इंच उंच आणि सहा ते आठ फूट पसरते. दुसरी बार हार्बर, तीही मेनच्याच किनाऱ्याची, खारं वारं सहन करणारी. थंडीत ती जांभळट होते, तुम्ही म्हणताय तो रंग तिचा असू शकेल किंवा अँडोरा नावाच्या जातीचा. तो रंग इथे विसरा, आपल्या जानेवारीतल्या आठ-नऊ डिग्रीला ह्या झाडाच्या लेखी थंडी म्हणत नाहीत.

अमेरिकन लेबलवर ह्याला झोन ३ ते ९ लिहितात. ३ म्हणजे उणे चाळीसच्या जवळ जाणारी थंडी, ९ म्हणजे थंडीत पारा शून्याखाली दोनचार डिग्री जाणारा प्रदेश. पुण्यात पारा शून्याला कधी टेकत नाही म्हणजे आपण त्या यादीच्या बाहेर आहोत. म्हणून हॉरिझोंटॅलिस इथे तग धरेल पण तिकडच्यासारखा सुसाट पळेल असं मी छातीठोक सांगणार नाही. मला विचाराल तर जपानी भावंडं बघा. प्रोकंबन्स, किंवा कॉनफर्टा, जो जपानच्या समुद्रकिनारी वाळूत वाढतो. दोन्ही उष्णता जरा बरी सोसतात आणि तितकेच पसरतात. कॉनफर्टा टोचतो हां, सुया धारदार.

आणि नर्सरीत जाताना डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे मोरपंखी, गोल्डन सायप्रस, चायनीज ज्युनिपर सगळ्याला "ज्युनिपर आहे साहेब" म्हणून देतात. मोरपंखीची पानं उभ्या पंख्यासारखी असतात, ते पसरणार नाही, सरळ वर जाणार. पिशवीतलं रोप बघा, फांद्या पिशवीच्या कडेवरून खाली लोंबत असतील आणि वर जाणारा एकही शेंडा नसेल तरच घ्या. मग पिशवीच्या तळाशी बोट घालून मुळं बघा, पांढरट टोकं दिसली पाहिजेत. रोपं विकतात ती लाल चिकट मातीत असतात. ती माती निम्मी तरी झटकून लावा, सगळी नको, मुळं दुखावतात.

---

टेकडीप्रेमी

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

डेन्व्हरमध्ये सदाहरित झाडाला किंमत आहे कारण तिथे सहा महिने बाकी सगळं करडं असतं. बर्फातून हिरवं डोकावलं की माणसाला बरं वाटतं, ते समजू शकतो. आपल्याकडे सदाहरित काय कमी आहे? करवंद सदाहरित आहे. तुमच्या मागच्याच टेकडीवर बघा, मुरमात, दगडात, कुणी पाणी न घालता. आपला प्रश्न हिवाळ्याचा नाहीच, मार्च ते मे जिवंत राहायचं आणि जून ते सप्टेंबर माती धरायची हा आहे. पुण्यात वर्षाचा साडेसातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि बावधन पिरंगुटकडे जाल तसा तो वाढतच जातो.

ज्युनिपरला तो उतार झाकायला किमान तीन वर्षं लागणार, जास्तच. पहिले दोन पावसाळे तुमच्या ओट्यावर गाळ येणारच आहे, मध्ये मध्ये चार हिरवे ठिपके दिसतील एवढंच. माती धरायची तर वाळा लावा. उताराला आडव्या ओळी, रोपं वीतभरापेक्षा कमी अंतरावर, पहिल्याच वर्षी कुंपणासारखी भिंत होते. मुळं सरळ खाली दोनतीन मीटर जातात, आडवी पसरत नाहीत, शेजारी भांडायला येणार नाहीत. जोडीला गवती चहा लावा, सकाळचीही सोय.

---

बावधनकर

टेकडीप्रेमी, राग कसला, तुमचं म्हणणं पटतंय आणि त्याचाच त्रास होतोय 🙂

सौ.ने हे वाचलं (मीच वाचून दाखवलं, चूक झाली) आणि ती म्हणतेय वाळा लाव, माठात घालायलाही होईल. शिवाय तिने एक नवीनच शंका काढली: असं दाट जमिनीलगत काही वाढलं तर खाली साप बसणार नाहीत का? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मागच्या नळाजवळ घोणस निघाली होती. ह्यावर कुणी काही सांगू शकेल?

---

साइटवरचा

साप येतात. खोटं कशाला बोलू. मी लँडस्केपच्या साइट करतो, सुपरवायझर. ज्युनिपर असो नाहीतर लँटाना नाहीतर वेडेलिया, दाट झालं की खाली उंदीर येतो आणि उंदीर आला की मागून घोणस. टेकडीला लागून आहे म्हटल्यावर धरूनच चाला. आम्ही काय करतो, भिंतीपासून दोन अडीच फूट पट्टा मोकळा सोडतो, त्यात खडी टाकतो, झाडाची फांदी त्या पट्ट्यात आली की कापायची. माणसाला दिसलं पाहिजे काय येतंय ते. आणि तण काढायला हात घालायच्या आधी काठीने हलवायचं.

ते तण म्हटलं म्हणून, ज्युनिपरवाल्यांना हे कुणी सांगत नाही. बाहेरच्या देशात फोटो छान असतात. आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्यामधून हराळी घुसते. गाजरगवत उपटता येतं, एक झटका दिला की आलं. हराळी फांद्यांच्या खालून धावते, जागोजाग मूळ धरते, आणि ज्युनिपरची पानं खरखरीत, हात घातला की कोपरापर्यंत पुरळ येतं काही जणांना. आमच्या साइटवर कामाला येणाऱ्या बायका नाही म्हणतात त्या कामाला. म्हणून लावायच्या आधी हराळी मुळासकट काढा, एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा काढली की पाणी मारून पंधरा दिवस थांबा, राहिलेली वर येईल, ती काढा. मग झाड.

अंतर पाच फूट ठेवा. लोक दोन फुटांवर लावतात कारण रोप लहान दिसतं, मग चार वर्षांनी एकावर एक चढतात आणि मधली आतून वाळतात. आतून वाळलेलं परत फुटत नाही हे लक्षात ठेवा. मेंदीसारखं नाही की छाटलं आणि आलं. ज्या फांदीवर हिरवं आहे तिथपर्यंतच कापायचं, त्याच्या मागे जुन्या लाकडात कापलं की तिथे कायमचं टक्कल.

टेकडीप्रेमींचं वाळ्याचं बरोबर आहे. पण दोन्ही करा ना. खालच्या बाजूला आणि मध्ये एक अशा वाळ्याच्या दोन ओळी, वर ज्युनिपर. ज्युनिपरला दिवसभर ऊन लागतं, वाळा उंच होतो, म्हणून वाळा वर्षातून दोनदा गुडघ्याएवढा कापायचा, नाहीतर सावली पडेल.

---

मातीत हात

+१ हराळीला. आणि काका, दसरा झाला की लावा, पाऊस गेल्यावर. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याला मुळं धरायला चार महिने मिळतात, मग उन्हाळ्यात पाणी तुमच्या हातात असतं. पावसाळ्याचं पाणी आपल्या हातात नसतं.

---

शिंपाकूवाला

अगदी. आणि लावताना मुळांचा गड्डा जमिनीच्या बरोबरीला नको, इंचभर वर राहू दे, बुंध्याशी पाणी थांबता कामा नये. खड्ड्यात तोच मुरूम परत भरा, फार तर एक घमेलं कुजलेलं खत चार खड्ड्यांत मिळून. लाड करू नका. वरून पालापाचोळा किंवा उसाचं पाचट नको, बारीक खडी पसरा.

उतारावर खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा छोटा बांध घालतात पाणी थांबायला, तो उन्हाळ्यासाठी ठीक. मे संपता संपता तो कुदळीने फोडून टाका. हे विसरतात लोक.

पहिल्या उन्हाळ्यात चारपाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी, रोज शिंतोडे नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) बघत राहा. पानं धुरकट, राखाडी दिसायला लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा, कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतील, ते चालायला लागले तर कोळी. पाईपचा जोरदार फवारा सकाळी सकाळी, पानांच्या खालून, दोनतीन दिवसांआड. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. संध्याकाळी पानं भिजवू नका, दमट हवेत कोवळी टोकं तपकिरी पडतात, ती बुरशी, तशी टोकं दिसली तर कोरड्या दिवशी कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नाही.

---

हुबेर

अवांतर: ज्युनिपर म्हणजे आपल्याला अगदीच परका नाही बरं का. आयुर्वेदातली हपुषा म्हणतात ती ज्युनिपरचीच फळं, काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर मागितलं की काळपट निळे मणी मिळतात. जिनला जो वास येतो तोही त्याच जातीच्या फळांचा. आणि लडाखला गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांत, सकाळी जो धूर करतात तो शुक्पाचा, म्हणजे ज्युनिपरच. मी तिथून एक काडी आणली होती, कपाटात अजून वास आहे.

अर्थात त्यातलं काहीच कोथरूडच्या काळ्या मातीत वाढत नाही हेही खरं.

---

कुंडीवाली

मी आपली बुकमार्क करून ठेवते. काका पुढे काय झालं ते नक्की लिहा, लोक धागा काढून गायब होतात.

---

बावधनकर (पुढच्या वर्षी, ११ ऑक्टोबर)

गायब झालो नव्हतो, लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबलो होतो. तर वृत्तांत.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दोन वेळा हराळी काढली. दुसऱ्यांदा काढताना लक्षात आलं की पहिल्यांदा मी नुसते केसच कापले होते, मूळ सगळं आत. दोन ओळी वाळ्याच्या लावल्या, एक तळाशी, एक मधोमध. नर्सऱ्या पालथ्या घातल्या. हडपसरच्या बाजूला दोन ठिकाणी मला आत्मविश्वासाने मोरपंखी दाखवली, एका ठिकाणी तर "हे वाढल्यावर आडवं होतं" असंही सांगितलं. शेवटी उरुळी कांचनला एका म्हाताऱ्या माळीबुवांकडे पिशवीवरून लोंबणारी अकरा रोपं मिळाली, साडेतीनशेला एक. लेबल नाही, जात कोणती विचारलं तर म्हणाले "पसरणारी". शिंपाकूवाल्यांना फोटो पाठवला, ते म्हणाले सुया तीन तीनच्या झुबक्यात दिसतायत म्हणजे प्रोकंबन्स असावा. म्हणजे मला हवा होता तो डेन्व्हरचा नाहीच. असो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ उतारावर लावली आणि दोन कुंडीत राखीव ठेवली. मुरमात खड्डा करायला कुदळीने जमेना, पहार लागली, एका खड्ड्याला अर्धा तास, तिसऱ्यानंतर मी शेजारच्या साइटवरच्या पोराला बोलावलं. त्याने विचारलं आजोबा एवढ्या खटपटीने काय लावताय, आंबा का? रोप दाखवलं तर तो काही बोलला नाही.

उन्हाळा सोपा गेला, खरंच. एप्रिलमध्ये एकावर कोळी आला, कागद धरून टिचकी मारली आणि ठिपके चालताना पाहून मला विनाकारण आनंद झाला. फवाऱ्याने गेला. मेअखेर बांध फोडायचे होते ते सात फोडले, खालच्या ओळीतले दोन राहिले कारण माझी कंबर धरली आणि उद्या करू म्हणून राहूनच गेलं. तुम्ही ओळखलंच असेल. नऊपैकी ते दोनच गेले. ऑगस्टच्या शेवटी नख मारून पाहिलं, आत तपकिरी. वरून अजून हिरवी होती, ताई, तुमची आठवण आली.

तिसरं एक अर्धं गेलंय, ते शेजारच्यांच्या गुलमोहराच्या सावलीत येतं दुपारनंतर, माझीच चूक. बाकीची सहा ठणठणीत. पण पसरली म्हणाल तर प्रत्येकी हातभर. उतार झाकला वगैरे काही नाही, लांबून पाहिलं तर मुरमावर कुणी हिरव्या टोप्या विसरून गेल्यासारखं दिसतं.

माती धरली ती वाळ्याने. हे टेकडीप्रेमींना कबूल करतो. यंदा गाळ तळाच्या ओळीपाशीच अडला, तिथे चांगली चार इंच पायरी तयार झालीय, ओट्यावर फक्त गढूळ पाणी आलं. वॉशिंग मशीन सुखरूप. सौ.ने वाळ्याची मुळं माठात घातली आणि उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाणी पाजून "हे मी सुचवलं होतं" असं सांगितलं, जे अर्धंच खरं आहे.

साप दिसला नाही. खडीचा पट्टा ठेवलाय. मुंगूस मात्र रोज सकाळी त्या पट्ट्यावरून जातं.

---

साइटवरचा

नऊपैकी सहा म्हणजे चांगलं आहे साहेब, आमच्या साइटवर कधीकधी एवढं येत नाही. आता लांब फांद्यांची दाबकलमं करा. जमिनीला टेकलेल्या फांदीची खालची साल जरा खरवडायची, मुरूम ओढायचा आणि वर दगड ठेवायचा. वर्षभर हलवायचं नाही. सुटी रोपं आणण्यापेक्षा हे बरं, त्याच मातीत जन्मलेलं असतं.

---

टेकडीप्रेमी

कबुलीबद्दल धन्यवाद 😀 त्या दोन रिकाम्या जागी करवंद लावून बघा, बी मी देतो.

---

बावधनकर

आज सकाळी तीन फांद्यांवर दगड ठेवले. करवंदाचं बी घ्यायला रविवारी येतो. सौ. विचारतेय की त्याची जाळी शेजारच्यांच्या गुलाबात तर जाणार नाही ना.